पुलावरची थरथर

पुलाच्या सुरुवातीच्या सांध्यावर जीपचं डावं चाक आपटलं आणि स्टेअरिंग माझ्या हातात राहीना. आधी नुसतं थरथरलं, मग डावी-उजवीकडे इतक्या जोरात फिरायला लागलं की माझे अंगठे आतून सोलवटले. जीप पुढून थडथड उडत होती. मागे औषधांच्या पेट्या एकमेकींवर आदळत होत्या. शेजारी बसलेल्या ओगले डॉक्टरबाईंनी समोरचा दांडा दोन्ही हातांनी धरला होता.

मी ॲक्सिलरेटरवरून पाय काढला. ब्रेक दाबला नाही. स्टेअरिंग फक्त धरून ठेवलं. काटा पंचावन्नवरून चाळीसवर आला, मग तीसवर. तिसाच्या खाली आल्यावर सगळं एकदम थांबलं, काही झालंच नव्हतं असं. पूल संपला होता. शेवटच्या कठड्यापासून आम्ही हातभर अंतरावर होतो.

"झालं?" डॉक्टरबाईंनी विचारलं.

"झालं."

"मग आता चहा घेऊ कुठंतरी."

ही सत्त्याण्णव सालची गोष्ट. मी तेव्हा चोवीस वर्षांची होते आणि राजूरच्या एका आरोग्य संस्थेच्या जीपवर ड्रायव्हर होते. अकोले तालुक्यातल्या डोंगरातल्या वाड्यांवर डॉक्टरला न्यायचं, औषधं न्यायची, कधी अडलेली बाई खाली आणायची, असं काम. तालुक्यात बाई ड्रायव्हर मी एकटीच. मी गावातून गेले की पोरं जीपमागे धावायची, आणि म्हातारी माणसं आधी चाकांकडे, मग माझ्याकडे बघायची.

गाडी मला माझ्या वडिलांनी शिकवली. आबा एकोणीस वर्षं स्वतःची वडाप जीप चालवत होते, राजूर ते शेंडी प्रवासी नेणारी. गुडघा गेला तेव्हा त्यांनी जीप विकली आणि निवृत्ती मिस्त्रींच्या गॅरेजमध्ये हाताखाली कामाला लागले. मला शिकवताना त्यांचा एक नियम होता. गाडी काहीही करो, आधी आपलं काय चुकलं ते बघायचं. क्लच जळला, आपला पाय. टायर फाटला, आपली नजर. आपलं चुकलंय असं ते स्वतः मात्र कधी म्हणाल्याचं आठवत नाही. आई म्हणायची, "यांची चूक काढायला यांच्या आधी जन्माला यावं लागंल."

पुलावरची ती चौथी वेळ होती. तीन आठवड्यांत चार वेळा. पहिल्या वेळी मी घाबरून ब्रेक दाबला होता आणि जीप आडवी झाली होती. तेव्हा कळलं की ब्रेक दाबायचा नाही. त्यानंतर सगळे उपाय करून झाले होते. निवृत्ती मिस्त्रींनी पुढचे टायर बदलून बघितले. संगमनेरला नेऊन चाकांचं बॅलन्सिंग केलं. स्टेअरिंगचे हादरे जिरवणारा दांडा असतो, डॅम्पर, तो नवा टाकला. चार दिवस जीप शहाण्यासारखी वागली आणि पाचव्या दिवशी पुन्हा तेच. गंमत अशी की मिस्त्री गॅरेजभोवती चालवून बघायचे तेव्हा काहीच व्हायचं नाही. संस्थेचे सचिव जहागीरदार साहेब स्वतः एकदा पुलावरून दोन फेऱ्या मारून आले. तेव्हाही काही झालं नाही. अर्थात साहेब चाळिसाच्या वर कधी गेलेच नाहीत, पण ते त्यांना सांगणार कोण?

त्या दिवशी, चौथ्या वेळेनंतर, त्यांनी मला ऑफिसात बोलावलं. साहेब वाईट माणूस नव्हता. त्यांनी मला खुर्ची दिली.

"कुंदा, स्पष्ट बोलू का? दोष गाडीत नाही. स्टेअरिंगला हात घट्ट लागतो. डोंगरातल्या रस्त्याला जोर लागतो."

"साहेब, माझा हात घट्टच असतो."

"मग आमच्या हातात का नाही थरथरत?"

मी म्हटलं, "तुम्ही साठनं चालवून बघा."

"साठनं चालवायचीच कशाला?" साहेबांनी कागद सरकवले. "सोमवारी उंबरमाळला लसीकरण आहे. सोमवारपासून जीप मच्छिंद्र चालवेल. तू ऑफिसात केसपेपरचं बघ. पगार तोच राहील."

मी उठले तेव्हा ते आणखी एक वाक्य बोलले. समजावायला म्हणून बोलले असतील. "मी तुझ्या वडिलांनाही विचारलं. तेही म्हणाले, पोरीचे हात कच्चे असतील. आता घरचंच माणूस म्हणतंय म्हटल्यावर..."

त्यानंतर साहेब काय म्हणाले ते मी ऐकलं नाही.

बाहेर डॉक्टरबाई जीपच्या बॉनेटला टेकून उभ्या होत्या. त्यांचं वय तेव्हा पन्नाशीच्या पुढे, उंची पाच फुटांच्या आत, आणि जिभेला हाड नाही. मी सांगितलं ते त्यांनी ऐकलं आणि विचारलं, "हात कच्चे आहेत तुझे?"

"नाही."

"मला चार वेळा कठड्यापासून वाचवलंय त्या हातांनी. मलाही तसं वाटत नाही." त्यांनी पर्समधून पेन काढलं. "आज शुक्रवार. सोमवारपर्यंत जीप तुझ्याच ताब्यात आहे. चल, पेशंट तपासू."

"कोण पेशंट?"

"ही." त्यांनी बॉनेटवर थाप मारली आणि कोरा केसपेपर काढून वर लिहिलं: नाव, जीप. वय, नऊ वर्षं. तक्रार, अंग थरथरणं.

मला हसू आलं, पण त्या गंभीर होत्या. "कधी होतं?"

"पंचावन्न-साठच्या वेगाला. एका चाकाला धक्का बसला की."

"दोन्ही चाकं एकदम आपटली तर?"

मी आठवून बघितलं. "तेव्हा नाही होत. एकच चाक आपटलं तरच."

"कशानं थांबतं?"

"वेग कमी केला की."

"दुसरं काही दुखणं? आधी नव्हतं आणि आता आहे, असं काही?"

हे मला कुणी विचारलंच नव्हतं. मिस्त्रींनी नाही, साहेबांनी नाही, आबांनी नाही. मी डोळे मिटून मनातच हाताखाली स्टेअरिंग आणलं. शेंडीचं वळण. घाटाचं वळण. "वळण संपलं की स्टेअरिंग आपोआप सरळ व्हायचं, बाई. मी नुसतं सैल सोडायचे. आता होत नाही. आता मला ओढून सरळ करावं लागतं."

"कधीपासून?"

"महिना झाला असेल. जीप उंच केली तेव्हापासून."

डॉक्टरबाईंचं पेन थांबलं. "जीप उंच केली होती?"

केली होती. उंबरमाळच्या वाटेवर मोठे दगड आहेत, जीपचं पोट घासायचं. म्हणून संस्थेनं मिस्त्रींना सांगून पुढचे-मागचे पाटे, म्हणजे चाकांवरच्या पट्ट्यांच्या स्प्रिंगा, वाढवून घेतले होते, चार बोटं उंची आली होती. मीच आग्रह धरला होता त्यासाठी. पण पाट्यांचा आणि स्टेअरिंगचा काही संबंध असेल हे डोक्यात आलं नव्हतं.

"म्हणजे ऑपरेशन झालं आणि नंतर ताप आला," डॉक्टरबाई म्हणाल्या. "मग ताप कुठून आला ते शोधायला आधी टाके बघायचे."

शनिवारी दुपारी त्या जीपमधून माझ्याबरोबर आमच्या घरी आल्या. आधी आम्ही दोघींनी सोपं काम केलं. डॉक्टरबाई स्टेअरिंगवर बसल्या, मी जीपखाली सरकले. मी सांगेन तसं त्या स्टेअरिंग थोडं डावीकडे, थोडं उजवीकडे हलवायच्या आणि मी प्रत्येक सांध्यावर हात ठेवून बघायचे. कुठं खेळ आहे का, कुठला सांधा आधी हलतो आणि चाक नंतर हलतं का. टाय रॉडची दोन्ही टोकं घट्ट. चाकाचं बेअरिंग घट्ट. स्टेअरिंगचा डबा घट्ट. अर्ध्या तासानं मी तोंडाला माती लागून बाहेर आले.

"सगळे सांधे ठीक आहेत."

"मग सांधेदुखी नाही," असं म्हणत डॉक्टरबाईंनी केसपेपरवर एक ओळ खोडली.

आबा अंगणात बाजेवर बसून हे सगळं बघत होते. मी त्यांच्याशी कालपासून बोलले नव्हते. साहेबांनी सांगितलेलं त्यांना सांगितलंही नव्हतं. त्यांना कळलं असावं, कारण तेही बोलत नव्हते.

डॉक्टरबाईंना त्याची पर्वा नव्हती. त्या सरळ बाजेवर त्यांच्या शेजारी जाऊन बसल्या. "भांगरे, तुम्ही एकोणीस वर्षं गाडी चालवली. वळणानंतर स्टेअरिंग आपोआप का सरळ होतं?"

आबांना कुणी असं विचारलं की त्यांचा गुडघा दुखायचा थांबायचा. "सायकल बघितलीय ना, डॉक्टरबाई? तिचा पुढचा चिमटा कसा असतो? सरळ उभा नसतो. वरचं टोक मागं, खालचं पुढं. म्हणून तर पोरं हात सोडून सायकल चालवतात आणि सायकल सरळ जाते. जीपचं तसंच हाय. पुढचं चाक ज्या खुंटीवर वळतं ना, ती खुंटी जरा मागं रेललेली पायजे. बाजेवर टेकून बसल्यासारखी. मंग चाकाला आपली वाट ठाऊक राहते."

"आणि खुंटी सरळ उभी झाली तर?"

"मंग वळणावरून परत यायचं कळत नाय त्याला. वेगात धक्का बसला की फडफडतं."

डॉक्टरबाईंनी माझ्याकडे बघितलं. मी पुढे झाले, आणि कालपासून पहिल्यांदा आबांशी बोलले. "आबा, जीप उंच केली तर ती खुंटी हलते का?"

"हलते. एक्सल पुढं कलतं. म्हणून तर पाटा आणि एक्सलच्या मधी लोखंडी पाचर ठोकतात, कललेलं परत मागं आणायला. जाड बाजू..."

आबा थांबले.

त्यांनी जीपच्या पुढच्या चाकाकडे बघितलं. मग म्हणाले, "शेजारच्या गवंड्याकडून ओळंबा आण. आणि तुझी शाळेतली कंपासपेटी हाय का कुठं?"

कंपासपेटी फळीवर होती. तिच्यातला कोनमापक आणि गवंड्याचा ओळंबा घेऊन मी परत जीपखाली गेले. आबांना गुडघ्यामुळे खाली येता येत नव्हतं. ते चाकाजवळ बूड टेकून बसले आणि वरून सांगत राहिले. दोरा कुठं धरायचा, कोनमापक कुठल्या कडेला लावायचा. दोरा हलायचा थांबेपर्यंत मी श्वास धरून होते.

"किती?"

"मागे रेललेली नाहीच आबा. पुढे झुकलीय. दोन अंश."

"दुसऱ्या बाजूनं बघ."

दुसऱ्या बाजूलाही तेच.

"पाचर दिसती का? एक्सलच्या वर, पाट्याच्या खाली."

"दिसते."

"जाड बाजू कुठं हाय?"

मी बोट लावून बघितलं. "पुढं."

"नीट सांग."

"पुढंच आहे, आबा. बंपरकडे."

मी बाहेर आले, डोळ्यांतली माती पुसली. डॉक्टरबाई म्हणाल्या, "म्हणजे काय झालं?" मी सांगितलं: पाचर उलटी बसलीय. कललेलं एक्सल मागे आणायला जी पाचर टाकली, तिनं ते आणखी पुढे ढकललंय. आमची जीप महिनाभर नाकावर पडल्यासारखी चालतेय.

"निवृत्ती मिस्त्रींनी एवढी साधी चूक कशी केली?" मी म्हटलं. माझा आवाज वर गेला होता. तीन आठवडे तो माणूस माझ्याकडे बघून मान हलवत होता. "आणि माझ्या हातांवर घातलं सगळं. सोमवारी मी साहेबांना सांगणार आहे."

आबा बाजेकडे चालत गेले. "आधी नीट कर," एवढंच म्हणाले.

रविवारी सकाळी ते स्वतः लंगडत मिस्त्रींकडे गेले आणि जॅक, पाने घेऊन आले. बराच उशीर लागला त्यांना. मी विचारलं तर म्हणाले, चहा घेत बसलो होतो. दुपारपर्यंत मी दोन्ही बाजूंचे बोल्ट सोडून पाचरी काढल्या, फिरवल्या, पुन्हा आवळल्या. मग ओळंबा. यावेळी खुंटी पाच अंश मागे रेललेली होती. मी जीप गावाच्या वळणापर्यंत नेली, वळवली, आणि हात सैल सोडले. स्टेअरिंग आपसूक माझ्याकडे परत आलं. मी तिथंच जीप उभी करून थोडी रडले. आधी वाटलं रागानं रडतेय, मग कळलं की राग नाहीये.

सोमवारी आठला आम्ही ऑफिसवर होतो. आबांनी धुतलेला सदरा आणि टोपी घातली होती आणि मागच्या सीटवर बसून आले होते. मला वाटलं, माझ्या बाजूनं बोलायला आलेत, आणि जरा कडूच वाटलं. आता काय उपयोग, असं.

मी साहेबांना म्हटलं, "पाच फेऱ्या. पुलावरून, साठनं. एकदा जरी थरथरली तर मी स्वतः चावी मच्छिंद्रला देते."

साहेबांना साठचा आकडा आवडला नाही, पण डॉक्टरबाई आधीच मागच्या सीटवर चढून आबांच्या शेजारी बसल्या होत्या, त्यामुळे त्यांना मागे हटता येईना. ते माझ्या शेजारी बसले. मी पुलाच्या अलीकडे फर्लांगभर मागे गेले, काटा साठवर नेला आणि मुद्दाम डावं चाक सांध्यावर घातलं. जीपला धक्का बसला. स्टेअरिंग एकदा हललं आणि सरळ झालं. साहेबांनी दांडा धरला होता, तो त्यांनी दुसऱ्या फेरीला सोडला. पाचव्या फेरीला ते नदीकडे बघत होते.

पुलाच्या पलीकडे मी जीप उभी केली.

"मग होतं काय हे?" साहेबांनी विचारलं.

"पाचर उलटी बसवली होती, साहेब. जीप उंच करताना."

साहेबांचा चेहरा बदलला. त्यांना फसवलं गेल्यासारखं वाटलं असावं. "म्हणजे निवृत्तीनं. डॉक्टर बसलेल्या असताना या पुलावर काही झालं असतं तर? बोलवा त्याला. आजपासून संस्थेचं एकही काम त्याच्याकडे जाणार नाही."

मीही मान डोलावणार होते.

"साहेब, मिस्त्रीला बोलावू नका," आबा मागून म्हणाले. "पाचरी मी बसवल्या."

मी आरशातून त्यांच्याकडे बघितलं. त्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली होती.

"मिस्त्री म्हणाला, जाड बाजू मागं. गाडीचं तोंड भिंतीला होतं, म्हणून मी मागून सरकलो आत. डोकं बंपरकडं. पाठीवर पडलेल्या माणसाचं मागं म्हणजे डोक्याकडं, असं मला वाटलं. मिस्त्रीनं माझ्यावर विश्वास ठेवला, बघितलं नाय. त्याची चूक तेवढीच. काल जाऊन त्याला सांगून आलो." ते थांबले. मग म्हणाले, "आणि तुम्ही मला इचारलं होतं, पोरीचे हात कच्चे आहेत का. मी व्हय म्हणालो. ते खोटं होतं. तिचे हात मीच घडवलेत. पक्के आहेत."

साहेबांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा घातला. शेवटी डॉक्टरबाईच बोलल्या. "जहागीरदार, उंबरमाळला दीडशे पोरं थांबली आहेत. तुम्ही ऑफिसवर उतरता, की लस टोचायला येता?"

साहेब ऑफिसवर उतरले. उतरल्यावर माझ्या खिडकीशी आले, म्हणाले, "मच्छिंद्रला मी सांगतो." आणि थोडं थांबून, "निवृत्तीचं कामही बंद करत नाही."

आबाही उतरायला लागले. डॉक्टरबाईंनी त्यांचा दंड धरला. "तुम्ही कुठं? रांग लावायला माणूस लागतो मला."

मग दिवसभर आबांनी उंबरमाळच्या पोरांची रांग लावली. त्यांच्यावर ओरडले, एकाला खांद्यावर घेऊन उभे राहिले, सुईला घाबरणाऱ्या एका मुलीला जीपची गोष्ट सांगितली. त्या गोष्टीत पाचर बसवणारा एक मूर्ख म्हातारा होता. ते मी लांबून ऐकलं. आमच्या दोघांत त्या दिवशी त्याबद्दल एक शब्दही झाला नाही. मला विचारावंसं वाटलंही नाही. साहेबांसमोर टोपी काढून मांडीवर ठेवलेला माणूस मी बघितला होता, आणखी काय विचारायचं.

परत निघालो तेव्हा ऊन उतरलं होतं. आबा यावेळी पुढे, माझ्या शेजारी बसले. गाडी चालवणाऱ्या माणसाला दुसऱ्याच्या गाडीत चैन पडत नाही. एसटीत बसले तरी आबा प्रत्येक वळणाला उजवा पाय जमिनीवर दाबायचे, ब्रेक दाबल्यासारखा. एकदा नाशिकला जाताना त्यांनी एसटीच्या ड्रायव्हरला इतक्या सूचना केल्या की त्यानं पुढच्या थांब्यावर उतरून चावी त्यांच्यापुढे धरली होती. मी वाट बघत होते, आज काय काय सांगतात याची. दगडांची वाट संपली, डांबरी लागली. मी वेग वाढवला. पन्नास. पंचावन्न. आबा काही बोलेनात.

पूल आला. डावं चाक सांध्यावर आपटलं, जीप हलली आणि सरळ पुढे गेली. मी शेजारी बघितलं. आबांचं डोकं खिडकीच्या चौकटीला टेकलं होतं, टोपी नाकावर आली होती, तोंड उघडं होतं आणि ते घोरत होते.

"उठवू का?" डॉक्टरबाईंनी मागून विचारलं. "पूल झाला म्हणून सांगायला?"

"नको," मी म्हटलं. "झोपू दे त्यांना."